शून्याची किंमत

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये २०२२-२३च्या मोसमात दोन संघांनी बरोबर ५१-५१ गोल केले. त्यातला ॲस्टन व्हिला सातवा आला आणि युरोपातल्या स्पर्धेत जाऊन पोचला. दुसरा लेस्टर सिटी. तो अठरावा आला आणि खालच्या लीगमध्ये गेला. हाच तो लेस्टर, ज्याने सात वर्षांपूर्वी अजिंक्यपद पटकावून साऱ्या जगाला तोंडात बोटं घालायला लावली होती. त्याच मोसमात वोल्व्हरहॅम्प्टनने ३८ सामन्यांत अवघे ३१ गोल केले. अख्ख्या लीगमध्ये त्यांच्याइतके कमी गोल कोणाचेच नव्हते, तरी ते तेराव्या क्रमांकावर सुखरूप राहिले. आणि लेस्टरच्या अगदी डोक्यावर, सतराव्या जागी, कसाबसा तग धरून राहिला एव्हर्टन. त्यांचे गोल ३४.

वीस संघांतले शेवटचे तीन दरवर्षी खाली जातात. खाली जाणं म्हणजे नुसती मानहानी नव्हे. टीव्हीच्या हक्कांतून येणारा पैसा आटतो, चांगले खेळाडू विकावे लागतात, कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या जातात. त्यामुळे अडचणीतल्या संघाने आधी आक्रमण सुधारावं की बचाव, हा वाद इंग्लंडात तरी पोटापाण्याचा आहे.

प्रेक्षकांचा कौल बहुधा आक्रमणाच्या बाजूने असतो, आणि ते साहजिकच आहे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना रंगला, की रात्री पेठेत चर्चा असते ती गोल कोणी मारला याची. ऐंशीव्या मिनिटाला गोलरेषेवरून चेंडू कोणी काढला, हे त्या पोराच्या घरच्यांना आणि प्रशिक्षकाला तेवढं आठवतं. गोल दिसतो, न झालेला गोल दिसत नाही. वर्तमानपत्रातल्या निकालात तर त्याला जागाच नसते.

आता लेस्टर आणि एव्हर्टन यांचा हिशेब शेजारीशेजारी मांडून पाहा. लेस्टरने ९ सामने जिंकले, एव्हर्टनने ८. लेस्टरचा गोलफरक उणे १७, एव्हर्टनचा उणे २३. जास्त गोल, जास्त विजय, बरा गोलफरक, आणि तरीही लेस्टर ३४ गुणांवर बुडालं, एव्हर्टन ३६ गुणांवर तरलं. फरक पडला तो बरोबरीत सुटलेल्या सामन्यांनी. एव्हर्टनने १२ सामने बरोबरीत सोडवले, लेस्टरने फक्त ७. लेस्टर जिंकत होतं किंवा हरत होतं, मधल्या पायरीवर थांबणं त्याला जमत नव्हतं.

या खेळाच्या गणितातच एक गंमत दडलेली आहे. संघाने एक गोल केला म्हणून त्याला काहीच मिळेल असं नाही. तीन केले तरी हमी नाही. पण एकही गोल खाल्ला नाही, तर एक गुण पक्का, मग तुमची आघाडीफळी त्या दिवशी झोपा काढत असली तरी. ३८ सामने शून्य-शून्य सोडवले तर ३८ गुण होतात, आणि त्या वर्षी तेवढ्यात एव्हर्टनच्याही वर जागा मिळाली असती. प्रत्यक्षात असं कोणी करू शकत नाही. २००४-०५ची मोरिन्योची चेल्सी बचावाचा आदर्श मानली जाते; तिनेही मोसमात १५ गोल खाल्लेच. मुद्दा एवढाच की शून्याला स्वतःची किंमत आहे. एकाला, दोनला, तीनला ती समोरच्याच्या आकड्यावरून येते.

लेस्टरच्या हातून ही किंमत कशी निसटली, ते एका सामन्यात लख्ख दिसतं. ३० डिसेंबर २०२२, अॅनफिल्ड. चौथ्याच मिनिटाला ड्यूसबरी-हॉलने लेस्टरला आघाडी मिळवून दिली. लिव्हरपूलच्या मैदानावर खालच्या संघाला याहून चांगली सुरुवात ती काय मिळणार? मग ३८व्या मिनिटाला उजवीकडून एक साधा क्रॉस आला. तो परतवताना बचावपटू वाउट फासच्या पायाला चेंडू असा काही तिरका लागला, की तो स्वतःच्याच गोलरक्षकाच्या डोक्यावरून कमान घेत जाळ्यात गेला. सात-आठ मिनिटांनी नुन्येसने गोलरक्षकावरून उचललेला चेंडू खांबाला लागून परत आला, आणि धावत येणाऱ्या फासच्याच पायाला लागून आत गेला. निकाल २-१. लिव्हरपूलच्या एकाही खेळाडूने गोल न करता लिव्हरपूल जिंकलं.

लोक फासला हसले. मला दोष त्याचा वाटत नाही. त्याआधीच्या उन्हाळ्यात लेस्टरने अकरा वर्षं आपल्याकडे असलेला गोलरक्षक कॅस्पर श्मायकेल जाऊ दिला आणि त्याच्या तोडीचा दुसरा आणला नाही. वेस्ली फोफाना हा तरणाबांड बचावपटू सुमारे सात कोटी पौंडांना चेल्सीला विकला आणि त्याच्या जागी, त्या रकमेच्या एका तुकड्यात, फासला घेतलं. मॅडिसन, बार्न्स, टीलेमान्स मात्र होते तिथेच राहिले. म्हणजे आघाडीचं वैभव शाबूत आणि मागचं दार सताड उघडं.

कर्जात रुतलेल्या घराने आधी खर्चाला कात्री लावावी की मिळकत वाढवायच्या मागे लागावं, असा प्रश्न विचारला तर कोणताही शहाणा माणूस पहिलं उत्तर देईल. मिळकत वाढवायला हवी हे त्यालाही कळतं. पण ती चार जणांच्या मर्जीवर आणि बाजारावर अवलंबून असते. खर्च आपल्या हातात असतो, आणि उद्यापासून कमी करता येतो. फुटबॉलमध्ये बचाव हा असा हातातला भाग आहे. दोन बचावपटूंमध्ये किती अंतर ठेवायचं, कॉर्नरच्या वेळी कोणी कोणाला धरायचं, चेंडू गेला की कोणी मागे धावायचं, हे सामान्य कुवतीच्या खेळाडूंकडूनही घोटून घेता येतं. वीस गोल मारणारा स्ट्रायकर घोटून तयार होत नाही. तो विकत घ्यावा लागतो, आणि बुडणाऱ्या संघाकडे नेमके पैसे नसतात. असले तरी चांगला स्ट्रायकर बुडत्या जहाजावर चढत नाही.

हे इटलीत पंचाहत्तर वर्षांपूर्वीच सिद्ध झालेलं आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्रिएस्ते शहर दोस्तांच्या लष्करी अमलाखाली होतं. तिथला त्रिएस्तिना संघ १९४६-४७मध्ये इटलीच्या पहिल्या लीगमध्ये तळाला गेला. परिस्थिती पाहून त्याला लीगमध्ये राहू दिलं गेलं. मग नेरेओ रोक्को हा त्याच शहरातला, खाटकाच्या घरातला माणूस प्रशिक्षक झाला. त्याने बचावफळीच्याही मागे एक मोकळा खेळाडू उभा केला, निसटलेलं सगळं निस्तरायला. पुढच्याच मोसमात त्रिएस्तिना तोरिनोच्या मागोमाग संयुक्त दुसऱ्या क्रमांकावर आला. पुढे ‘कतेनाच्चो’ या नावाने गाजलेली आणि रसिकांनी शिव्या घातलेली ही पद्धत श्रीमंतांच्या डोक्यातून निघालेली नाही, ती गरिबांची गरज होती. श्रीमंतांनी ती नंतर उचलली. रोक्कोनेच पुढे मिलानला दोनदा युरोपियन चषक मिळवून दिला.

इथवर बचावाची बाजू सोपी वाटते. आता अडचणी. एव्हर्टनचंच घ्या. जानेवारी २०२३च्या शेवटी शॉन डाइश प्रशिक्षक म्हणून आला तेव्हा २० सामन्यांत १५ गुण होते. त्याने उरलेल्या १८ सामन्यांत २१ मिळवले आणि ‘डाइशने बचाव बसवला’ अशी ख्याती झाली. पण त्याच्याही काळात संघाने आर्सेनल आणि न्यूकॅसलकडून चार-चार गोल खाल्ले. बचाव रोज भक्कम नव्हता. भक्कम झाला तो ठरावीक दिवशी. डाइशने जिंकलेल्या पाच सामन्यांपैकी चार १-० असे होते: तेव्हा अव्वल असलेला आर्सेनल, मग लीड्स, ब्रेंटफर्ड, आणि शेवटच्या दिवशी बोर्नमथ. म्हणजे मोठ्या संघाकडून मार खायचा तर एकदाच भरपूर खावा, आणि जिथे निसटता विजय शक्य आहे तिथे शून्याला घट्ट धरून ठेवावं. गोलफरक उणे २३ झाला म्हणून काय बिघडलं?

शेवटच्या दिवशीचा तो गोल आब्दुलाय दुकुरेने केला. आधीच्या प्रशिक्षकाच्या काळात हा संघाबाहेर पडला होता. अर्धवट परतवलेला चेंडू पेनल्टी क्षेत्राच्या कडेला त्याच्यासमोर पडला आणि त्याने तो सणसणीत आत घातला. तो गोल नसता तर निकाल ०-० राहिला असता आणि एव्हर्टन ३४ गुणांवर, गोलफरकाने लेस्टरच्या खाली. सगळ्या शून्यांवर एकदा तरी एक ठेवावा लागतो.

तो एक ठेवणारा सापडला नाही की काय होतं, ते २०२०-२१च्या फुलहॅमला विचारा. त्यांनी ५३ गोल खाल्ले. ६६ खाणारा क्रिस्टल पॅलेस आरामात वाचला. फुलहॅमने १३ सामने बरोबरीत सोडवले, डिसेंबर-जानेवारीत तर ओळीने पाच. आणि ३८ सामन्यांत फक्त २७ गोल करून खाली गेले. स्ट्रायकर मित्रोविच त्यांच्याकडे होता, पण त्याचे लीगमधले गोल तीन. पुढच्या वर्षी नव्या प्रशिक्षकाने त्याच्यावर भिस्त ठेवली, तेव्हा त्यानेच खालच्या लीगमध्ये ४३ गोल मारले. त्या लीगचे बचावपटू कच्चे होते हे खरं, पण वर परतल्यावरही त्याने १४ मारले. स्ट्रायकर विकत घ्यावा लागतो असं वर म्हटलं. कधीकधी तो बाकावरच बसलेला असतो.

तरी क्लबांपुरतं माझं उत्तर ठरलेलं आहे: आधी बचाव. भारताच्या संघाकडे वळलं की मात्र मला ते तसंच्या तसं लावता येत नाही.

आशिया चषक २०२७च्या पात्रता फेरीत पहिल्या चार सामन्यांत भारताने दोन गोल केले, चार खाल्ले, दोन गुण मिळवले. खाल्लेले चार काही फार नव्हेत. चाळिशीतल्या सुनील छेत्रीला मार्च २०२५मध्ये निवृत्तीतून परत बोलवावं लागलं, यावरून आघाडीची दशा कळावी. पण त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला गोव्यात, फातोर्ड्याच्या मैदानावर, छांगतेने चौदाव्या मिनिटाला गोल केला, आघाडी मिळाली, आणि नेमकी तीच टिकली नाही. सिंगापूर २-१ ने जिंकलं. आधीच्या सामन्यात लाल कार्ड मिळाल्यामुळे बचावाचा आधारस्तंभ संदेश झिंगन त्या दिवशी बाहेर होता. प्रशिक्षक खालिद जमील म्हणजे मुंबईच्या मैदानांत मुरलेला माणूस. तुटपुंज्या पैशांतल्या मुंबई एफसीला वर्षानुवर्षं पहिल्या लीगमध्ये टिकवून धरणारा आणि २०१७मध्ये ऐजॉलला आय-लीग जिंकून देणारा. शून्य सांभाळणं त्याला शिकवावं लागत नाही, आणि बचाव शिबिरातल्या मोजक्या दिवसांत थोडाफार बसतोही.

स्ट्रायकर तसा बसत नाही, आणि देशाला तो विकतही घेता येत नाही. तो आठवड्यामागून आठवडे क्लबसाठी खेळत, चुकत, संधी वाया घालवत घडतो. आयएसएलमध्ये मैदानावर चार परदेशी खेळाडू चालतात, आणि पुढची जागा बहुतेक क्लब त्यांतल्याच एकाला देतात. कोल्हापूरच्या पेठांतल्या संघांनीही परदेशी खेळाडू आणलेच. यात क्लबांना दोष तरी काय द्यायचा? तळाशी अडकलेल्या क्लबने बचाव देशी पोरांकडून घोटून घ्यावा आणि गोल बाहेरून विकत आणावेत, हे तर माझ्याच वरच्या म्हणण्यातून निघतं. एकोणीस वर्षांच्या भारतीय पोराला सलग दहा सामने नऊ नंबरच्या जागी खेळवायचं आणि त्यापायी दोन-तीन सामने गमवायची तयारी ठेवायची, हे परवडेल फक्त वरच्या क्लबांना. त्यांना अजिंक्यपद हवं असतं, म्हणून तेही स्ट्रायकर बाहेरूनच आणतात.