उद्याची नियत

विडी-सिगारेट सुटलेल्या माणसाची हकीकत सगळेच कौतुकाने ऐकतात. पण सोडायचे पक्के झाले आहे, तारीखही मनाशी ठरली आहे आणि अजून सुटलेली मात्र नाही, अशा मधल्या आठ-पंधरा दिवसांत माणसाच्या जिवाची जी तगमग होते, तिच्याविषयी आमच्याकडे फारसे बोलले जात नाही. झोप मोडते. कारण नसताना बायकामुलांवर आवाज चढतो. 'आता थोडेच दिवस' म्हणून एरवी बारा ओढणारा वीस ओढू लागतो. छातीत धडधडते आणि ती धडधड शांत करायला हात पुन्हा खिशातल्या बंडलाकडेच जातो. सोडण्याच्या धास्तीनेच अधिक ओढली जावी, हे पाहणाऱ्याला हास्यास्पद वाटते. आम्हाला तो एक गंभीर नैतिक प्रश्न वाटतो.

परभणी जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या वालूरला आम्ही राहतो. कापूस, सोयाबीन आणि ज्वारीचा हा मुलूख. इथे विडी चहाइतकीच घरोब्याची. शेतात भाकर खाऊन झाल्यावर, मयतीहून परतताना, सोयरिकीची बोलणी अडली म्हणजे, कुणी ना कुणी बंडल पुढे करतो आणि वातावरण सैल होते. विडी पुढे करणे हा अगत्याचा भाग आहे, ती नाकारणे म्हणजे माणसालाच नाकारल्यासारखे. त्यामुळे सोडू पाहणाऱ्याला नुसती तलफ छळत नाही. बैठकीतली आपली जागा जाईल, दोस्त 'आता हे मोठे परहेजगार झाले' म्हणतील, आणि महिन्याभराने पुन्हा ओढताना दिसलो तर चारचौघांत हसे होईल, ही भीती त्याला अधिक असते.

यावर आमचे धार्मिक मन काय देते? बहुतेक वेळा 'मकरूह' हा एक शब्द, आणि त्याच्या जोडीला एक टोमणा : 'रमजानमध्ये तेरा तास राहता, तेव्हा कुठे जाते तुमची तलफ? नियतच नाही म्हणा ना!'

हा टोमणा अर्धा खरा आहे. शरीर तेरा तास राहू शकते, हे रोजा दाखवून देतोच. दुपारी डोके जड होते, असरनंतर जीव कासावीस होतो, पण भीती अशी वाटत नाही, कारण मगरिबची अजान होणार हे माहीत असते. (इफ्तारची खजूर तोंडात असतानाच मशिदीच्या मागच्या भिंतीकडे सरकणारे किती असतात, ते सर्वांना ठाऊक आहे.) घाबरवतो तो 'कायमची' हा शब्द. ज्या दिवसाला मगरिब नाही असा दिवस समोर दिसू लागला की मन बिथरते. मग अशा माणसाला नियत नाही म्हणायचे कसे? ज्याची खरोखर नियत नाही तो घाबरत नाही. तो 'छोड देंगे इन्शाअल्लाह' म्हणून हसत हसत पुढची पेटवतो.

'इन्शाअल्लाह'चे आम्ही काय करून टाकले आहे, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. सूरह कहफमध्ये ही शिकवण येते ती नेमकी 'उद्या'च्या संदर्भात. उद्या अमुक करीन असे, अल्लाहच्या मर्जीचा उल्लेख केल्याशिवाय म्हणू नये. करणाऱ्याने आपला गर्व आवरावा म्हणून दिलेला हा शब्द, न करणाऱ्याने सवड मिळवण्यासाठी वापरावा, ही आमची कमाई.

सोडण्याआधीच्या तगमगीचे सर्वांत प्रामाणिक चित्र आम्हाला भेटले ते इमाम गझालींच्या आत्मवृत्तात. तंबाखू आशियात यायला तेव्हा पाचशे वर्षे अवकाश होता. गझालींना सोडायची होती ती बगदादच्या निजामिया मदरशातली सर्वोच्च जागा, मानमरातब, शेकडो शिष्य. हिजरी ४८८, म्हणजे इसवी सन १०९५. त्या साली रजबपासून जवळजवळ सहा महिने ते झुलत राहिले. सकाळी निर्धार होई, संध्याकाळी मोडे. एक पाऊल पुढे पडे, दुसरे मागे ओढले जाई. शेवटी जीभच वळेना. शिष्यांसमोर बसले तरी शब्द फुटेना, घास गिळवेना, आणि हे दुखणे मनाचे आहे म्हणून हकिमांनी हात टेकले. हे सारे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्यांना पुढे 'हुज्जतुल इस्लाम' म्हटले गेले त्यांना सहा महिने घाबरण्याची मुभा आहे आणि आमच्या गावच्या ट्रॅक्टर चालवणाऱ्याला आठ दिवसांचीही नाही, हा कुठला न्याय?

त्या हकीकतीतली आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. निघण्यापूर्वी गझालींनी आपली संपत्ती वाटून टाकली, पण स्वतःच्या गुजराणीपुरते आणि मुलाबाळांच्या पोटापुरते बाजूला ठेवले. जायचे होते शामला, लोकांना सांगितले मक्केला चाललो म्हणून, कारण खलिफा आणि मित्रमंडळी अडवतील हे ते जाणून होते. म्हणजे एवढ्या मोठ्या त्यागाचीही तयारी होती, हिशेब होता, थोडी चतुराईही होती. भरवसा अल्लाहवर ठेवला म्हणून त्यांनी तयारी सोडली नाही.

आता शरीराकडे वळू. विडी जिवाला शांत करते, असे ओढणारा शपथेवर सांगेल, आणि तो खोटे बोलत नसतो. रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. ते उतरू लागले की अस्वस्थता सुरू होते, पुढचा झुरका ती मिटवतो. मिटवली जाणारी बेचैनी बरीचशी आधीच्या विडीनेच दिलेली असते. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, नंतर दोन ते चार आठवड्यांत जोर ओसरतो. एकेका तलफेची लाट काही मिनिटांची. २०१४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. ज्यांनी धूम्रपान सोडले त्यांची चिंता, उदासी आणि मनावरचा ताण, न सोडणाऱ्यांच्या तुलनेत कमी झालेला त्यात आढळला. घाबरणाऱ्याला वाटते, विडीविना आपण आयुष्यभर असेच घाबरे राहू. आढाव्याचा निष्कर्ष याच्या उलट आहे. आमच्या मते हे ज्ञान मशिदीतल्या बयानमध्ये सांगण्याजोगे आहे, 'मकरूह'च्या आधी.

उलेमांनी तंबाखूवर कमी लिहिलेले नाही. अकबराच्या दरबारात ती पोहोचली ती विजापुराहून, असदबेगाने नेलेली, १६०४च्या सुमारास. म्हणजे आपल्या दख्खननेच ती दिल्लीकरांना दिली. १६१७ साली जहांगिराने तिला बंदी केली. उस्मानी सुलतान चौथ्या मुरादने १६३३ साली तर देहदंड ठेवला. दमास्कसच्या अब्दुल गनी नाबुलुसींनी पुढे ती जायज असल्याचा ग्रंथ लिहिला. अपाय सिद्ध झाल्यावर विसाव्या शतकात अनेक मुफ्तींनी हराम म्हटले. या वादात विडीविषयी भरपूर आहे, विडी सोडू पाहणाऱ्या माणसाविषयी फार थोडे.

अपवाद एका घटनेचा. इराणच्या नासिरुद्दीन शाहने १८९० साली तंबाखूचा सारा मक्ता एका इंग्रजाला देऊन टाकला. डिसेंबर १८९१ मध्ये मिर्झा शिराझींच्या नावाने तंबाखूबंदीचा फतवा निघाला आणि साऱ्या देशाने हुक्के बाजूला ठेवले, खुद्द शाहच्या जनानखान्यातसुद्धा. पुढच्याच महिन्यात मक्ता रद्द झाला, बंदी उठली, हुक्के पुन्हा पेटले. पेटले हे खरे, पण त्या काही आठवड्यांत सोडणारा एकटा नव्हता. बैठकीत आपली जागा जाईल, ही भीती कुणालाच नव्हती, कारण सारी बैठकच तशी होती. आमच्या वालूरची चक्राकार पायऱ्यांची जुनी बारव गाळाने भरली होती, ती गावकऱ्यांनी मिळून मोकळी केली. एकट्याला कुणी ते काम सांगितले असते तर त्याला धडकीच भरली असती.

म्हणून आम्हाला वाटते, विडी सोडण्याची रीत रोज्याकडून शिकावी, टोमणा मात्र तिथून उचलू नये. आपल्या हनफी मसलकात रमजानच्या प्रत्येक रोज्याची नियत वेगळी असते. तीस दिवसांची एकदम करून चालत नाही. नियत उद्याची. शिवाय रोज्याला सहरी आहे. पोट रिकामे ठेवून रोजा धरण्यात कुणी मर्दुमकी मानत नाही, सहरीत बरकत आहे असेच मानले जाते. विडी सोडणाऱ्याचीही सहरी असावी. तारीख ठरवावी, घरात आणि दोन दोस्तांना सांगावी. सदऱ्याच्या, दुचाकीच्या डिकीतल्या, गोठ्यातल्या कोनाड्यातल्या पुड्या काढाव्यात. चहानंतर ओढायची सवय असेल तर काही दिवस चहाची जागा बदलावी. खिशात बडीशेप-लवंग ठेवावी. फार ओढणाऱ्याने डॉक्टरांना विचारून निकोटिनचा च्युइंगम घ्यावा, त्यात कमीपणा नाही. सरकारची १८००-११-२३५६ ही मोफत फोनसेवा २०१६ पासून आहे. आणि भीती वाटली तर वाटू द्यावी. ती गेल्यावर सोडू म्हणणारा तिच्या जाण्याची वाट पाहत कबरीपर्यंत जातो.

घरच्यांनी आणि जमातीने काय करावे? रोज संध्याकाळी तोंडाचा वास घेऊन जबाब मागू नये. पहिल्या आठवड्यातली चिडचिड सोसावी. घसरला तर हसू नये. तौबा एकदाच करता येते असे कुणी सांगितलेले नाही. दारूची मनाई कुरआनात टप्प्याटप्प्याने आली, आधी नशेत नमाजजवळ न जाण्याचा हुकूम, मग पूर्ण बंदी. माणसाच्या सवयीला वेळ लागतो, हे त्या क्रमात मान्यच केलेले आहे.

तारीख कोणती धरावी, यावर मात्र आमच्यात दुमत आहे. पुष्कळ जण पहिला रोजा सुचवतात. दिवस तर आपोआप निघतो, रात्रीपुरते सांभाळायचे. पण दिवसभराची तहान, भूक आणि पहिल्या तीन दिवसांची तलफ एकत्र आली की इफ्तारनंतरचा तास हाताबाहेर जातो, असे आम्ही पाहिले आहे. आमचे मत शाबानच्या मध्याच्या बाजूने. शब-ए-बरातच्या आसपास सोडली तर सर्वांत जड दिवस रोज्यांआधीच सरतात आणि ईद येते तोवर दीड महिना होतो. ईदगाहवरून परतताना, शिरखुर्म्यानंतर, गळाभेट घेणारा प्रत्येक जण पाकीट पुढे करतो, त्या सकाळपर्यंत एवढे अंतर पडलेले बरे.