गुलाल उतरल्यावर

निकालाच्या दिवशी जेसीबीतून गुलाल उधळून झाला की दुसऱ्या सकाळी नव्या सरपंचांच्या ओट्यावर गर्दी होते. कुणाला नळ हवा, कुणाला घरकुल, कुणाचा शेतरस्ता शेजाऱ्याने अडवलेला. सरपंच प्रत्येकाला "करू की" म्हणतात. इथेच गाडं फसतं.

कारण शेतरस्त्याचा वाद तहसीलदारांकडचा. घरकुलाचं नाव सर्वेक्षणाच्या यादीतून येतं, सरपंचांच्या खिशातून नाही. पैशाचं म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतली 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून ठेवली. उरलेली 40 टक्के गावाच्या गरजेची, पण तीही आराखड्यात बसवून.

"सहा महिन्यांत गाव बदलतो" म्हणणाऱ्यापेक्षा "यंदा फक्त टाकीची गळती काढतो" म्हणणारा मला जास्त भरवशाचा वाटतो. अर्थात, त्याला मतं कमी पडतात!

आणि आपण? ग्रामसभेला 15 टक्के किंवा 100 मतदार, यातले जे कमी असतील तेवढे पुरतात. तेवढेही पुष्कळदा जमत नाहीत, सभा तहकूब होते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग चार टाळकी वर्षाचा आराखडा मंजूर करून, चहा पिऊन उठतात.