एकी की बेकी?

जुगाराचा अड्डा आहे. चटईवर दहा-बारा माणसे कोंडाळे करून बसली आहेत आणि मधोमध एक आंधळा मालिशवाला हातात पेला घेऊन बसला आहे. खेळ अगदी साधा. दोन फासे पेल्यात खुळखुळवायचे, पेला पालथा घालायचा आणि आतल्या फाशांची बेरीज एकी की बेकी एवढेच इतरांनी सांगायचे. आंधळा पेला पालथा घालतो, पण फासे आत न राहता बाहेर चटईवर पडतात. सर्वांना ते दिसतात, दिसत नाहीत ते फक्त त्याला. कोणी काही बोलत नाही. एकमेकांकडे पाहून गालातल्या गालात हसत सगळे बरोबर पैज लावतात आणि जिंकतात. पुढच्या डावातही फासे बाहेरच. आता मात्र ज्याच्याजवळ जे असेल ते सारे चटईवर येते. तेव्हा तो आंधळा अगदी सहज म्हणतो की, हे बाहेरचे फासे माझ्या बाहीतून निसटले वाटते. ते उचलून तो बाजूला ठेवतो. मग पेला उचलतो. आत दुसरेच फासे असतात आणि डाव त्याचा असतो.

हा प्रसंग १९६२ साली आलेल्या पहिल्या झातोइची चित्रपटातला आहे. केंजी मिसुमी दिग्दर्शक, शिंतारो कात्सु नायक. मूळ गोष्ट कान शिमोझावा या लेखकाने १९४८ साली लिहिली, ती जेमतेम काही पानांची. तिच्यातून १९६२ ते १९७३ या काळात पंचवीस चित्रपट निघाले, पुढे दूरचित्रवाणीवर शंभर भागांची मालिका झाली आणि १९८९ साली स्वतः कात्सुने दिग्दर्शित केलेला सव्विसावा चित्रपट आला. गावोगाव फिरणारा, अंग चोळून पोट भरणारा, काठीत गुप्ती बाळगणारा हा इची. गावात दोन टोळ्या असतात, गरिबांवर जुलूम असतो, शेवटी काठीतून पाते निघते आणि क्षणात परत म्यानात जाते. तलवारबाजी पाहायची असेल तर त्यात भरपूर आहे. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या भाच्याने पेन ड्राइव्हवर हे चित्रपट आणून दिले आणि रोज एक याप्रमाणे आम्ही ते पाहिले. तलवारी आता आठवत नाहीत. फासे मात्र अजून डोक्यात खुळखुळतात.

कारण त्या अड्ड्यावर नेमके कोणी कोणाला फसवले, याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

पहिल्यांदा पाहताना आम्ही टाळी वाजवली. बरे झाले, आंधळ्याला लुबाडायला निघाले होते, स्वतःच लुबाडले गेले. एकानेही म्हटले असते की बाबा रे, तुझे फासे बाहेर पडलेत, तर सगळा डाव तिथेच मोडला असता. ते एक वाक्य बोलायला काही पडत नव्हते. दुसऱ्यांदा पाहिले तेव्हा मात्र मन थोडे अस्वस्थ झाले. इची बेसावध नव्हता. त्याने आमिष टाकले, पहिला डाव मुद्दाम हरला, समोरच्यांची हाव वाढू दिली. ती माणसे अप्रामाणिक होतीच आणि त्याने फक्त ते उघडे केले? की त्याने संधी दिली म्हणून ती अप्रामाणिक झाली?

ज्याला आपण दिसत नाही, त्याच्यासमोर आपण कसे वागतो? या मालिकेत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. जुन्या जपानमध्ये आंधळ्यांची स्वतःची संघटना होती, तिला शोगुनांच्या राजवटीची मान्यता होती. तिच्यात दर्जे होते. सर्वांत वर केंग्यो, खाली झातो. म्हणजे ‘झातो’ हे नाव नव्हे, पायरी आहे, तीही तळाची. नाव फक्त इची. मालिश, सुयांचे उपचार, वाद्यवादन, सावकारी ही या लोकांची कामे. १८७१ साली मेइजी सरकारने ही संघटना मोडीत काढली. तेव्हा इचीला कोणी ‘झातो’ म्हणून हाक मारतो तेव्हा त्यात त्याची पायरी दाखवून देणेही असते.

आणि आंधळा म्हणजे गरीब बिचारा, सालस, असाही भोळा समज हे चित्रपट ठेवत नाहीत. या मालिकेच्या दोनच वर्षे आधी, १९६० साली, ह्याच कात्सुने एका चित्रपटात असा आंधळा रंगवला होता की जो चोरी, खून, बलात्कार काहीही करून केंग्योच्या गादीपर्यंत पोहोचतो. तोच नट, तेच मिटलेले डोळे. तिथे आंधळेपणा हे लबाडीचे पांघरूण होते. इचीजवळही पांघरूण आहेच, नाही असे नाही. वाकलेली पाठ, चाचपडणारे पाऊल, काठी. तो खरोखर आंधळा आहे, पण जितका असहाय दिसतो तितका नाही आणि समोरच्याने ते ओळखू नये अशी त्याची व्यवस्था असते.

आता आमची गोष्ट सांगतो. ती सांगायची म्हणूनच हा लेख लिहायला घेतला, नाहीतर जपानी चित्रपटांवर लिहिण्याचा आमचा अधिकार तो काय?

नोकरीची पहिली-दुसरी वर्षे. आठवीचा वर्ग, गणिताची चाचणी. वर्गात नक्कल चालते असा आमचा संशय होता, पण हाती कोणी लागत नव्हते. मग आम्ही एक शक्कल लढवली. उत्तरांचा कागद टेबलावर डस्टरखाली अर्धवट दिसेल असा ठेवला आणि हेडमास्तरांनी बोलावले आहे असे सांगून बाहेर पडलो. बाहेर म्हणजे व्हरांड्यात, खिडकीच्या आडोशाला. मिनिटभर शांतता. मग एक मुलगा उठला. मग दुसरा. सहा जण टेबलाशी गोळा झाले. आम्ही खिडकीतून नावे टिपत होतो आणि खोटे कशाला बोला, आम्हांला मजा येत होती.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिने त्या मुलांच्या हातातून कागद ओढून घेतला, घडी घातली आणि आम्हांला शोधत व्हरांड्यात आली. खिडकीशी लपलेले आम्ही तिला दिसलो. तिने कागद पुढे केला. “सर, ये आप का परचा टेबल पर रह गया था.” आम्ही तो घेतला. तिच्याकडे पाहवले नाही.

सहाही मुलांच्या पालकांना बोलावले. त्यांतल्या एकाच्या वडिलांनी ऑफिसातच, आमच्यासमोर, पोराला इतके मारले की शिपायाने मध्ये पडून सोडवले. तो मुलगा नक्कल करणाऱ्यांतला नव्हता, हे आम्हांला आधीपासून माहीत होते. त्याची वही नेहमी स्वच्छ, उत्तरे चुकलेली पण स्वतःची. त्या दिवशी कागद समोर होता म्हणून तो उठला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मधल्या सुट्टीत आली आणि हळूच विचारले, “सर, वो परचा आप ने जान-बूझ कर रखा था क्या?” आम्ही म्हणालो, “नहीं बेटा, भूल गए थे.”

सबंध वर्गात एकच जण आमच्याशी खरे वागली होती आणि खोटे बोलावे लागले ते तिच्याशीच. सहा मुलांना पकडण्यासाठी लावलेला सापळा अखेर इथे येऊन मिटला.

बी.एड.ला असताना मानसशास्त्राच्या तासाला ह्यू हार्टशोर्न आणि मार्क मे यांच्या प्रयोगांचा उल्लेख आला होता. त्यांचा ग्रंथ १९२८ चा. अमेरिकेतल्या हजारो मुलांना त्यांनी अशा परिस्थितीत ठेवले की लबाडी करता यावी आणि कोणी पाहत नाही असे वाटावे. निष्कर्ष असा निघाला की प्रामाणिक मुले एकीकडे आणि लबाड मुले दुसरीकडे अशी सरळ विभागणी होतच नाही. जो मुलगा परीक्षेत नक्कल करतो तो खेळात लबाडी करतोच असे नाही आणि उलटही नाही. परिस्थिती बदलली की वागणे बदलते. परीक्षेत आम्ही हे उत्तर लिहिले, मार्कही मिळाले. व्हरांड्यात उभे होतो तेव्हा ते आठवले नाही.

कोणी म्हणेल, लाचखोरांसाठी सरकारही सापळा लावतेच. लावते. पण तिथे मागणी आधी झालेली असते, तक्रार येते, तिची पडताळणी होते आणि मग पावडर लावलेल्या नोटा जातात. गुन्ह्याने पहिले पाऊल टाकलेले असते. आमच्या डस्टरखालच्या कागदाने पहिले पाऊल स्वतःच टाकले होते.

मग इचीने? त्याच्या बाजूने एवढे म्हणता येईल की अड्ड्यावरचे लोक आपखुशीने जुगार खेळायला बसलेले, वयाने थोर, जगण्याचा धंदाच तो. आमच्या वर्गातली मुले घंटा झाली म्हणून बसलेली. इचीने सापळा लावला तो जे त्याच्या डोळ्यांवर हसत होते त्यांच्यासाठी. आम्ही जाळे टाकले ते सरसकट. हा फरक लहान नाही. तरी इचीचा पूर्ण निकाल आम्हांला लावता येत नाही, कारण ही कला एकदा हातात मुरली की ती कुठे वापरायची नाही हे ठरवणे अवघड जाते. चित्रपट करणाऱ्यांनाही ते कळले असावे.

त्याच पहिल्या चित्रपटात हिराते मिकी नावाचा एक क्षयाने खंगलेला तलवारबहाद्दर आहे. दोघांची भेट तळ्याकाठी मासे धरताना होते. दोघेही विरुद्ध टोळ्यांच्या आश्रयाला असलेले. पण ह्या दोघांत कसलीच लपवाछपवी नाही. हा किती आजारी आहे हे आंधळा ओळखतो, हा आंधळा काय चीज आहे हे तो ओळखतो. खोकून मरण्यापेक्षा मित्राच्या हातून मरावे असे हिरातेला वाटते आणि शेवटी पुलावर तसेच घडते. त्यानंतर इची आपली गुप्ती त्याच्यासोबत पुरायला देऊन निघून जातो. अर्थात त्याच वर्षी दुसरा चित्रपट आला आणि काठीत पुन्हा पाते होते. चालणारा धंदा निर्माते सोडतात थोडेच!

१९६६ सालचा चौदावा चित्रपट आम्हांला सर्वांत जास्त भिडला. पटकथा कानेतो शिंदो यांची, दिग्दर्शन काझुओ इकेहिरो यांचे. इची शिकोकू बेटावरच्या अठ्ठ्याऐंशी मंदिरांच्या यात्रेला निघतो. आपल्या हातून आता कोणाचा जीव जाऊ नये, एवढीच त्याची विनवणी. आपण ज्याला तौबा म्हणतो तीच ही. आणि लगेच वाटेत एक घोडेस्वार त्याच्यावर चालून येतो व मारला जातो. मालकाविना घोडा पुढे चालू लागतो, इची त्याच्या मागे, आणि घोडा त्याला मेलेल्याच्या घरी, त्याच्या बहिणीपर्यंत नेतो. ती तलवार उपसते. इथे इची वाकत नाही, चाचपडत नाही, काठीला हात घालत नाही. तो उभा राहतो आणि तिला वार करू देतो. हाताला जखम होते. मग तीच ती जखम बांधते.

शेकडो माणसे मारणारा इची त्या एका वाराला का सामोरा जातो? आम्हांला वाटते, तिच्यासमोर त्याला आपले पांघरूण काढावेसे वाटले. ती त्याला लुबाडायला आलेली नव्हती. तिचा राग खरा होता. खऱ्यापुढे युक्ती चालवायची नाही, एवढे त्याच्या जमीरने त्याला शिकवले होते. पुढे गावावर टोळी चालून येते तेव्हा सारे गाव कवाडे लावून आत बसते. हा परका आंधळा लढेल, मरेल किंवा मारेल, आपले काय जाते! त्या बंद कवाडांच्या फटींतून पाहणारे डोळे पाहताना आम्हांला व्हरांड्यातली आमची खिडकी आठवली. खोटे वाटेल, पण आम्ही पेन ड्राइव्ह काढून ठेवला आणि त्या रात्री पुढे काही पाहिले नाही.

१९७१ च्या चित्रपटात इचीची गाठ एका हाताच्या चिनी तलवारबाजाशी पडते. हाँगकाँगचा जिमी वांग यू त्यात आहे. दोघेही सज्जन, पण एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. इचीने आपल्याला दगा दिला असा त्या चिन्याचा समज होतो. इचीने दगा दिलेला नसतो, पण ते सांगायचे कोणत्या भाषेत? श्वासावरून माणूस ओळखणारा इची इथे काही करू शकत नाही आणि दोघे एकमेकांवर तुटून पडतात. वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी अशा दोन भाषांत उभे आयुष्य काढणाऱ्या आमच्यासारख्यांना हा शेवट समजावून सांगावा लागत नाही. पण आम्हांला त्यात भाषेपलीकडचेही काही दिसले. बाहीत जादा फासे ठेवणाऱ्याला कधीतरी ‘हे खरेच आतले फासे आहेत’ असे सांगायची वेळ येते, तेव्हा समोरच्याने विश्वास कशावर ठेवायचा?

ती मुलगी बारावीनंतर डी.एड.ला गेली. मागे एकदा पेढे घेऊन आली होती, पहिल्या नेमणुकीचे. आम्ही चहा मागवला. तिने वर्गाची पटसंख्या सांगितली, फळा खराब आहे म्हणाली. मग म्हणाली, “सर, मेरे यहाँ भी बच्चे बहुत नक़ल करते हैं. आप क्या करते थे?” आम्ही बशीत चहा ओतला. निवायला बराच वेळ लावला. मग परीक्षेत बाके लांब लांब लावायची, एका बाकावर एकच मूल बसवायचे, असे काहीबाही सांगितले. ती वहीत लिहून घेत होती. टेबलावर डस्टर पडले होते, ते आम्ही उचलून कपाटात ठेवले.