गाणारी तलवार

‘प्रिन्स व्हॅलियंट’ हा १९५४ सालचा बोलपट मी केव्हाही पाहायला तयार असतो. हॅल फॉस्टर या चित्रकाराची वर्तमानपत्रातली चित्रमालिका १९३७ साली सुरू झाली. तिच्यावरून हेन्री हॅथवेने तो काढला. प्रेक्षकांचे दोन घटके मनोरंजन करावे, यापलीकडे त्याची प्रतिज्ञा नाही. रॉबर्ट वॅग्नरच्या डोक्यावरचा तो काळाभोर केसांचा टोप पाहून हसू येते. पण लोभ जडतो तो टोपासकट!

वडिलांचे राज्य दुसऱ्याने बळकावलेले. राजपुत्र आर्थर राजाकडे येतो. काळ्या चिलखतातला गुप्त वैरी दरबारातलाच सर ब्रॅक निघतो. राजपुत्र भर दरबारात त्याच्यावर आरोप करतो, आणि मग साक्षीपुरावे राहतात बाजूलाच. दोघांनी लढायचे, जिंकेल तो खरा. राजपुत्राच्या हाती गाणारी तलवार असते. ब्रॅक पडतो.

माझ्या नऊ वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, राजपुत्र हरला असता तर तो खोटा ठरला असता?”

प्रश्न बिनतोड होता. आपण निर्धास्त असतो, कारण चिलखताआड कोण आहे हे आपल्याला आधीच दाखवलेले असते. तलवार काही सिद्ध करीत नाही. आपल्याला ठाऊक असलेलेच ती मोठ्याने सांगते. पण पोर मात्र ‘जिंकला म्हणून खरा’ एवढेच मनात घेऊन उठले तर?

ही न्यायाची रीत इंग्लंडात नॉर्मन लोकांनी १०६६ नंतर आणली. आर्थरच्या काळात ती नव्हती, पण ते असो. आपल्याकडे रवादिव्य होतेच. उकळत्या तेलातून रवा काढायचा. हात भाजला नाही तर दावा खरा. तेलाला निदान दंडाचे बळ मोजता येत नसे!

इंग्लंडच्या कायद्यात मात्र द्वंद्व टिकून राहिले. १८१७ साली मेरी अ‍ॅशफर्ड या तरुणीच्या खुनाच्या आरोपातून अब्राहम थॉर्नटनला पंचांनी निर्दोष सोडले. मेरीचा भाऊ विल्यम याने पुन्हा फिर्याद लावली. थॉर्नटनने भर न्यायालयात हातमोजा फेकला : हिंमत असेल तर लढ! न्यायाधीशांनी कायदा पाहिला, आणि ती मागणी रीतसर ठरली. थॉर्नटन अंगापिंडाने मजबूत, विल्यम किरकोळ. तो लढला नाही. १८१८ साली थॉर्नटन सुटला, आणि १८१९ साली पार्लमेंटने ती तरतूदच काढून टाकली.

विल्यम लढला असता तरी मेरीला कोणी मारले हे कसे कळणार होते? तिथे काळे चिलखत कोणीच पाहिले नव्हते.

नातीला ही हकीकत मी सांगितली. तिने ताबडतोब विल्यमची बाजू घेतली. का, तर तो बारीक होता. तेही मला पुरते पटलेले नाही.