वाटून घेतलेली भावंडे

उत्तनच्या किनाऱ्यावर एखाद्या घरचा कर्ता पुरुष समुद्रावर गेला तो परतलाच नाही, किंवा एखादी माउली बाळंतपणात गेली, की दुखवट्याच्या दिवसांतच अंगणात एक बैठक बसत असे. बाहेर बोंबील वाळत असत, आत म्हातारी माणसे हलक्या आवाजात बोलत. थोरला मामाकडे, मधली आत्याकडे, तान्हे ज्यांना मूलबाळ नाही अशा नात्यातल्या घरी. एखादा सिस्टरांच्या वा फादरांच्या बोर्डिंगात. रात्र व्हायच्या आत घर वाटले जाई. भांडीकुंडी वाटताना निदान कुरबुर तरी होते. मुले वाटताना सारे गहिवरलेले असत. त्या बैठकीत कोणी दुष्ट नसे. स्वतःच्या घरी चार तोंडे असताना पाचवे पदरी घेणारी ती माणसे होती.

मग या वाटणीत अन्याय झाला असे म्हणता येईल काय? आणि झाला असेल, तर तो केला कोणी? अन्याय म्हटला की आपण अन्याय करणारा शोधू लागतो. येथे तो सापडत नाही. उलट सापडतात ते उपकारकर्ते; आणि उपकाराखाली वाढलेल्या मुलाला तक्रारीचा अधिकार आपला समाज सहसा देत नाही. ‘तुला काय कमी केले?’ या प्रश्नाला त्या मुलापाशी उत्तर नसते, कारण कमी काहीच केलेले नसते.

तरीही काहीतरी हिरावले जाते. ते नेमके काय, हा खरा प्रश्न आहे. माझ्या मते गेलेल्या आईचा वा बापाचा उरलेला साक्षीदार म्हणजे भावंड. आई कशी हसत असे, रागावली की काय म्हणे, हे थोरल्याला आठवते. धाकट्यापाशी थोरल्याने सांगितले तेवढीच आई असते. दोघांना दोन गावी ठेवले, की धाकट्याची आई दुसऱ्यांदा जाते. थोरल्याचेही नुकसान होते, पण त्याचा विचार आपण त्याहून कमी करतो: ज्याला सांभाळल्याने तो स्वतः सावरला असता, तेच त्याच्याकडून काढून घेतलेले असते.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचावे. 1874 च्या सुमारास दुष्काळाच्या वणवणीत वडील अनंतशास्त्री, मग आई, मग थोरली बहीण, अशी एकामागून एक माणसे गेली. उरली ती सोळा वर्षांची रमा आणि तिचा थोरला भाऊ श्रीनिवास. दोघे पायी हिंडत, उपाशी राहत, 1878 साली कलकत्त्याला पोहोचली. 1880 साली भाऊही गेला. त्या काळात एखाद्या सज्जनाने येऊन मुलीला आपल्या घरी नेले असते, तर तिच्या पोटाला नियमित अन्न मिळाले असते. तो उपकार ठरला असता की नाही, हे मला ठामपणे सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही, हेच मला महत्त्वाचे वाटते.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक अवघड आहे. 1559 साली पोर्तुगालच्या राजाच्या नावाने गोव्यासाठी फर्मान निघाले, की आईबाप आणि आजीआजोबा नसलेली हिंदूंची मुले येशूसंघीयांच्या सेंट पॉल विद्यालयाच्या स्वाधीन करावीत. तेथे त्यांचा बाप्तिस्मा व शिक्षण व्हावे. पुढे तर वडील नसलेल्या, पण आई हयात असलेल्या मुलालाही अनाथ गणले गेले. नातेवाईक मुले लपवीत, सीमेपलीकडे धाडीत. आणि ज्याच्या नावाने फर्मान निघाले तो राजा सेबॅस्टियन तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. त्याचे वडील त्याच्या जन्माआधीच वारले होते आणि आई त्याला तान्हेपणीच सोडून स्पेनला परतली होती. 1534 पासून 1739 पर्यंत वसईचा मुलूखही त्याच सत्तेखाली होता. हा इतिहास आपल्याला परका नाही. मुलाच्या कल्याणाची खात्री बाळगणाऱ्यांनी मुलाला कधी विचारले नाही. अंगणातल्या बैठकीने तरी कोठे विचारले?

आजचा कायदा अधिक विचार करतो, पण त्यालाही कोपरे आहेत. 2000 सालच्या बालन्याय कायद्यापर्यंत आपल्या समाजातील दांपत्याला मूल कायद्याने दत्तक घेताच येत नव्हते. 1890 च्या कायद्याखाली फक्त पालकत्व मिळे. ही उणीव दूर झाली, हे उत्तमच. मात्र 2015 च्या कायद्याप्रमाणे दत्तकाचा आदेश निघताच मुलाचे जन्मघराशी असलेले सारे संबंध तुटतात, आणि त्या ‘साऱ्यां’त भावंडही येते. बालगृहे मुलांची वेगळी, मुलींची वेगळी. सहा वर्षांखालच्या बाळांची सोय आणखी निराळी. नियम रास्त आहे, पण आठ वर्षांच्या बहिणीला आणि चार वर्षांच्या भावाला तो दोन दारे दाखवतो. 2009 साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत भावंडांना शक्यतो वेगळे करू नये, केलेच तर त्यांचा संपर्क टिकवावा, असे म्हटले आहे. हे दुसरे वाक्य मला अधिक उपयोगाचे वाटते. गरीब मामाला तीन मुले पोसता येत नाहीत, हे खरे आहे आणि त्याला दोष देणे निष्ठुरपणाचे ठरेल. पण मोतमाउलीच्या जत्रेला तिघांना एकत्र आणणे, वर्षातून दोनदा एका ताटात जेवू घालणे, त्यांच्यासमोर त्यांच्या आईचे नाव काढणे, यासाठी काय लागते? आपल्याकडे बहुधा नावच काढले जात नाही. मूल रमावे म्हणून.

उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ आठवतो. राहेल बन्यामिनाला जन्म देताना गेली आणि योसेफ पुढे मिसर देशी विकला गेला. अनेक वर्षांनी दहा भावांपुढे तो अधिकाऱ्याच्या रुबाबात उभा राहू शकला. परंतु एकाच आईच्या त्या धाकट्याला पाहताच आतल्या खोलीत जाऊन रडला, तोंड धुऊन मग बाहेर आला. अन्नाचा प्रश्न तर त्याने केव्हाच सोडवला होता.

आपल्या धर्मग्रामांच्या कचेऱ्यांत बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या असतात. प्रत्येक मुलाची नोंद त्याच्या त्याच्या तारखेला, त्यामुळे सख्खी भावंडे दोन-तीन वर्षांच्या पानांच्या अंतराने विखुरलेली; जोडणारी गोष्ट एकच, आईबापांची नावे. पुढे त्या व्यक्तीचे लग्न दुसऱ्या कोठल्याही धर्मग्रामात लागले, तरी तेथून कळवले जाते आणि त्याच जुन्या नोंदीच्या समासात ते लिहिले जाते. म्हणजे पन्नास वर्षांनी कोणी आपली बहीण शोधीत आला, तर फादरांनी वही काढून द्यावी, त्याने आईचे नाव धरून पाने उलटावीत, आणि समासात पाहावे, ती कोणत्या गावी नांदते आहे.