दार मिटण्यापूर्वी

देवाची क्षमा मागणे सोपे, शेजाऱ्याची मागणे कठीण. देवापुढे नाक घासले तरी गावात बोभाटा होत नाही; शेजाऱ्याच्या मात्र डोळ्याला डोळा भिडवावा लागतो. माणसाची ही अडचण ओळखून ज्यू धर्माने वर्षातला एक सबंध महिना तिच्यासाठी राखून ठेवला आहे.

‘एलूल’ हा तो महिना, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येणारा. त्यानंतरच्या तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी नववर्ष आणि दहाव्या दिवशी ‘योम किप्पूर’, म्हणजे प्रायश्चित्ताचा कडक उपवास. एलूलमध्ये कित्येक प्रार्थनामंदिरांत शनिवार सोडून रोज सकाळी मेंढ्याचे शिंग फुंकतात. झोपलेल्या मनाला जागे करणारी ही हाक आहे, असा शिंगाच्या नादाचा अर्थ मैमोनिदीस (११३८-१२०४) या तत्त्वज्ञाने लावला. पश्चात्तापाला हिब्रूत शब्द आहे ‘तेशुवा’. त्याचा मूळ अर्थ परत येणे. पाप म्हणजे घर सोडून जाणे आणि पश्चात्ताप म्हणजे घरी परतणे!

या परतण्यात भीतीपेक्षा ओढ अधिक. अठराव्या शतकात जन्मलेल्या श्नेऊर झाल्मन या धर्मगुरूने एक दृष्टांत दिला आहे. एरवी राजा महालात असतो. तिथे सगळ्यांचा प्रवेश होत नाही. पण नगरात शिरण्यापूर्वी तो शेतात असतो. तिथे कोणीही त्याच्यापाशी जावे, तो हसतमुखाने भेटतो. एलूलमधला देव असा शेतात आलेला असतो.

मग आणखी काय हवे? इथेच खरी मेख आहे. मिश्ना हा ज्यूंचा प्राचीन धर्मग्रंथ बजावतो की, देवाविरुद्ध घडलेले पाप योम किप्पूरने धुतले जाते. माणसाविरुद्धचे मात्र त्या माणसाची समजूत घातल्यावाचून धुतले जात नाही. आमच्या वर्गात एखादा मुलगा शेजाऱ्याची कंपासपेटी मोडतो आणि धावत येऊन म्हणतो, “गुरुजी, चुकलो!” पण पेटी का गुरुजींची मोडली होती? गुरुजी फार तर त्याला त्या मुलाकडे पाठवू शकतात. देवही तेच करतो. जे त्याचे नव्हे, ते तो परस्पर माफ करीत नाही. आणि यातच त्याची न्यायबुद्धी दिसते. मैमोनिदीसने कसोटीही सांगून ठेवली आहे: तीच संधी, तोच मोह पुन्हा समोर यावा, अंगात तेवढेच बळ असावे आणि तरीही माणसाने ते कृत्य टाळावे, तेव्हा पश्चात्ताप पुरा झाला.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांना ही गोष्ट परकी नव्हती. तेल गाळणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. योम किप्पूरला त्यांनी मराठी नाव दिले ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारे मिटून घेण्याचा दिवस. त्या दिवशी घराची दारे लावून ते उपवास आणि प्रार्थना करीत. माझ्या मनाला या नावाचा एक अर्थ फार भावतो. आपले दार मिटून देवापाशी बसायचे, तर त्याआधी दुसऱ्याच्या दारी जाऊन यायला हवे. ज्याचे देणे बुडवले, ज्याला टाकून बोललो, तो अजून उंबऱ्याबाहेर ताटकळत असेल, तर आत बसलेल्याला एकांत कसला लाभणार?

देवाची जवळीक हवी असणाऱ्याने शेताकडे अवश्य निघावे. पण वाटेत शेजाऱ्याचे घर लागते. ते चुकवून जाणारी आडवाट राजापर्यंत पोचत नाही.