कुढत दिलेलं दान



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

या अध्यायात भगवंत आहार, यज्ञ, तप आणि दान यांचे तीन-तीन प्रकार सांगतात. आजचे तीन श्लोक दानाचे. खरं सांगू? इतके दिवस मी हे श्लोक भराभर वाचून पुढे जायचे. दान म्हणजे पैसे, धान्य, कपडे. घराचा हप्ता आणि बसचा पास भरून जे उरतं, त्यात कसलं दान करणार आपण!

पण गेल्या महिनाअखेरीला ऑफिसमध्ये एक प्रसंग घडला आणि हेच श्लोक पुन्हा उघडावे लागले.

संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. माझा रिपोर्ट पाठवून झाला होता, बॅग खांद्याला लावली होती. तेवढ्यात शेजारचा सहकारी म्हणाला, "अगं, माझं तेवढं टॅली करून दे ना. तुझं पाच मिनिटांत होतं." ही पाच मिनिटं मी गेले आठ महिने दर महिन्याला देत होते, आणि दर वेळी त्यांचे दोन तास होत होते. तोंडाने म्हणाले, "हो, दे." मनात म्हणाले, मेला कधी शिकणार हा!

घरी आजी माझ्यासाठी हरिपाठाला थांबते. तिला फोन करून सांगितलं, तुम्ही म्हणून घ्या.

आठच्या सुमाराला आमच्याकडे नुकतीच लागलेली मुलगी आली. "ताई, एक फॉर्म्युला अडलाय, बघता का?" मी मान वर न करता बोलले, "एवढं साधं येत नाही? कॉलेजात काय केलंस मग?" फॉर्म्युला दिला दुरुस्त करून, पण तोंडावर फेकल्यासारखा. ती "सॉरी ताई" म्हणून गेली. नंतर वॉशरूममध्ये दिसली, तेव्हा डोळे लाल होते.

घरी पोचले तर आजी झोपलेली. पोथी पाटावर तशीच उघडी.

रात्री झोप लागेना, म्हणून गीता काढली. भगवंत म्हणतात ते माझ्या शब्दांत असं : देणं हे आपलं कर्तव्य आहे म्हणून, ज्याच्याकडून परतफेड मिळणार नाही अशाला, योग्य जागी, योग्य वेळी आणि योग्य माणसाला दिलेलं ते सात्त्विक दान. परतफेडीच्या आशेने किंवा जिवावर येऊन दिलेलं ते राजस. आणि अवेळी, अस्थानी, अपमान करून दिलेलं ते तामस.

जुन्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखं क्षेत्र, काळ म्हणजे संक्रांतीसारखं पर्व असं सांगितलंय. आपलं क्षेत्र ऑफिसमधली खुर्ची आणि आपलं पर्व महिनाअखेर! श्लोक ऑफिसच्या कामाबद्दल नाहीत, हे मलाही कळतं. पण आपल्या पिढीकडे द्यायला सगळ्यात महाग काय असतं? वेळच ना?

मग हिशोब मांडला. सहकाऱ्याला दिलेले दोन तास जिवावर येऊन दिले होते. वर आशाही होती : त्याने मला चांगली म्हणावं, साहेबांसमोर माझं नाव घ्यावं. म्हणजे सरळ सरळ राजस. त्या मुलीला जे दिलं, ते अपमान करून. तामस. परत काहीही देऊ न शकणारी तीच एक होती, आणि तिच्या वाट्याला माझा उरलेला राग आला. एका संध्याकाळी दोन दानं, आणि सात्त्विक एकही नाही! तरी मी स्वतःला 'सगळ्यांना मदत करणारी' समजत होते.

हेच मला जास्त लागलं. मी 'नाही' म्हणत नव्हते, ते प्रेमापोटी नव्हतंच. वाईट दिसायची भीती होती. आणि त्या भितीची किंमत आजीने आणि त्या मुलीने मोजली. सहकाऱ्याचंही भलं झालं नाही. आठ महिन्यांत तो ते काम शिकलाच नाही, कारण मी शिकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आधी त्या मुलीची माफी मागितली. मग सहकाऱ्याला म्हटलं, "यापुढे तुझं मी करून देणार नाही. पण उद्या अकराला अर्धा तास बसू. तू कर, मी शेजारी बसून बघते." तो "राहू दे" म्हणाला. आठवडाभर चहाला हाक मारली नाही. वाईट वाटलं, अजूनही थोडं वाटतं. मग एक दिवस स्वतःच लॅपटॉप घेऊन आला.

नसता आला तर? तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं, एवढं आता कळतंय.

पण सावध राहूया हं. हल्ली 'बाउंड्री' हा शब्द रील्समध्ये इतका ऐकू येतो, की साधा आळससुद्धा त्यामागे लपतो. श्लोकाची सुरुवात 'देणं कर्तव्य आहे' इथूनच होते. न द्यायची सवलत भगवंतांनी दिलेली नाही. कोणाचं घरी कोणी आजारी असेल, कोणी नवीन असेल, तर आपली बॅग खाली ठेवायचीच. तेव्हा घड्याळ बघायचं नाही. मर्यादा घालायची ती मन स्वच्छ ठेवून देता यावं म्हणून.

आजचा छोटासा अभ्यास : कोणी काही मागितलं, की उत्तर द्यायच्या आधी एक श्वास घ्या आणि स्वतःला विचारा, 'हे मी कुढत देणार आहे का?' उत्तर 'हो' आलं, तर आधी गोड शब्दांत खरं काय ते सांगा. जमेल तेवढंच द्या, पण ते हसून द्या.

पांडुरंगा, माझ्या 'हो'मध्ये कुढणं नको आणि 'नाही'मध्ये तुसडेपणा नको. एवढं सांभाळ.

राम कृष्ण हरी!